दुसऱ्या प्रकरणाबद्दल : मराठीच्या संशोधन-मार्गदर्शकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मराठीच्या पीएच.डी.चे मार्गदर्शन करणाऱ्या सर्व प्राध्यापकांस,



एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी सारी नोकरी झाली. आपले विद्यार्थी आमच्या टेबलाशी येतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एक कागद असतो आणि त्यावर प्रबंधाचा मंजूर झालेला आराखडा असतो. पहिले प्रकरण लेखकाचे जीवन आणि साहित्य. दुसरे प्रकरण तत्कालीन सामाजिक, राजकीय, आर्थिक व सांस्कृतिक परिस्थिती. त्यापुढे आशय, व्यक्तिरेखा, भाषा, समारोप. विद्यार्थी त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढ्यासाठी एखादं पुस्तक द्या."

कोणत्या कादंबरीवर काम चालले आहे, असे विचारले की त्यांना नवल वाटते. परिस्थितीच्या प्रकरणाचा कादंबरीशी काय संबंध, असा भाव चेहऱ्यावर उमटतो. या नवलाबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. आराखड्यावर त्यांच्यासोबत आपलीही सही असते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

ते दुसरे प्रकरण कसे असते, हे आपण जाणताच. एकोणिसाव्या शतकावरचा प्रबंध असेल तर १८१८ला पेशवाई बुडते, १८२९ला सतीबंदी होते, १८४८ला फुले मुलींची शाळा काढतात, १८५६ला विधवाविवाहाचा कायदा होतो, मग १८५७, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, काँग्रेसची स्थापना. प्रबंध हरिभाऊ आपट्यांवर असला तरी हेच, केशवसुतांवर असला तरी हेच, देवलांच्या 'शारदा' नाटकावर असला तरी हेच. तिसरे प्रकरण सुरू झाले की दुसऱ्याचे नावही कोणी काढत नाही. मी प्रबंध चाळताना एक साधी कसोटी लावत आले आहे. दुसरे प्रकरण काढून टाकले तर पुढचे एखादे तरी वाक्य लंगडे पडते का? बहुतेक वेळा एकही पडत नाही. ज्या मजकुरावाचून काही अडत नाही त्यासाठी एका तरुण माणसाच्या आयुष्यातले वर्ष जाते. मला हे फार लागते.

माझे पहिले मागणे याच प्रकरणाविषयी आहे. ते बंद करावे. संदर्भाचा शोध थांबवावा, असे मी मुळीच म्हणत नाही. तो शोध साहित्यकृतीतल्या एखाद्या अडलेल्या जागेपासून सुरू व्हावा आणि जे हाती लागेल ते त्या जागेशीच येऊन बसावे, एवढे माझे म्हणणे आहे.

हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी घेऊ. तिच्यावर इतके प्रबंध आहेत की आता नवीन काय सापडणार, असे वाटावे. त्या प्रबंधांत सतीबंदीचा उल्लेख हटकून असतो. पण नायिका यमूच्या आयुष्यात सती कुठे आहे? तिच्यावर जे ओढवते ते केशवपन आहे. मग विद्यार्थी १८५६च्या कायद्याकडे वळतात. तो कायदा पुनर्विवाहाला मान्यता देतो आणि त्याच्याच दुसऱ्या कलमात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतो. हे कलम वाचलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला आणि केशवपनाबद्दल त्या कायद्यात अक्षरही नाही, हे तर कोणाच्या ध्यानातच आलेले नव्हते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. त्यातही केशवपनाचा विषय नाही. म्हणजे कादंबरीचा सगळा भार ज्या घटनेवर आहे, तिला कायद्याने हातच लावलेला नव्हता. एवढे कळले की संशोधनाची दिशाच बदलते. कायद्यांची यादी निरुपयोगी ठरते आणि खरा प्रश्न पुढे येतो. ज्याची सक्ती कुठल्या कायद्यात नाही आणि मनाईही नाही, ते घराघरांत कोणाच्या हुकमाने होत होते?

या प्रश्नाचे उत्तर 'आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास' अशा नावाच्या पाठ्यपुस्तकात मिळत नाही. त्यासाठी त्या काळातली वर्तमानपत्रे वाचावी लागतात. १८८४मध्ये मलबारींनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर आपली टिपणे काढली. त्यानंतर रखमाबाईंचा खटला १८८८पर्यंत गाजला. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. आगरकरांचा 'सुधारक' १८८८पासून निघत होता, समोर 'केसरी' होता आणि संमतिवयाच्या विधेयकावरून दोघांत जुंपली होती. 'करमणूक' हे साप्ताहिक १८९०मध्ये निघाले आणि ही कादंबरी त्यात क्रमशः येऊ लागली ती या गदारोळात. पहिल्या वाचकांनी ती आठवड्याच्या हप्त्यांनी वाचली आणि त्याच आठवड्यांत त्यांच्या घरी दुसरी वर्तमानपत्रेही येत होती. कोणत्या हप्त्याच्या आगेमागे बाहेर काय छापले जात होते, हे मांडून पाहिले तर कादंबरीची बांधणी निराळी दिसू लागेल. हे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. त्याला धीर लागतो आणि बांधीव अंक समोर लागतात.

याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. कामगार चळवळीच्या पुस्तकांत ही गोष्ट येते, सत्यशोधकांच्या इतिहासातही येते. आपट्यांवरच्या प्रबंधांत ती मला जवळजवळ कधीच भेटली नाही. का? कादंबरी घराच्या आतून बोलते, यमूच्या तोंडून बोलते. वस्तरा धरणारा हात बाहेरून येतो आणि त्या हाताला स्वतःचे म्हणणे असेल, याची जाणीव त्या घरात कोणालाच नाही. ही बाहेरची गोष्ट आत आणली की कादंबरीला काय दिसते आणि काय दिसत नाही, यावर बोलता येते. समीक्षा सुरू होते ती इथे. आपल्या विद्यार्थ्याला या जागेपर्यंत कोणी पोचवत नाही, हे माझे दुःख आहे.

आता दुसरी तक्रार. तिला मी जास्त गंभीर मानते. पुष्कळ प्रबंधांत कादंबरीतून समाज काढला जातो आणि त्या समाजाच्या आधाराने कादंबरी वास्तववादी असल्याचे सिद्ध केले जाते. यमूचे हाल झाले, म्हणून त्या काळी विधवांचे हाल होत. त्या काळी विधवांचे हाल होत, म्हणून हरिभाऊंचे चित्रण यथार्थ. तळटीप दोन्ही ठिकाणी कादंबरीचीच. हे गोल गोल फिरणे आहे. साक्षीदारानेच निकाल द्यावा तशातली ही गत झाली. कादंबरीबाहेरचा एक तरी साक्षीदार बोलावल्याशिवाय 'यथार्थ' हा शब्द लिहू देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

बाहेरचे साक्षीदार आपल्याकडे आहेत आणि ते दुर्मीळही नाहीत. १८८१पासूनच्या जनगणनेच्या अहवालांत वय आणि वैवाहिक स्थिती यांचे तक्ते आहेत. धर्मागणिक, वयोगटागणिक किती विधवा, हे त्यात कळते. दहा वर्षांखालच्या विधवांचा रकाना पहिल्यांदा पाहणारी विद्यार्थिनी बराच वेळ गप्प बसून राहते. पुण्याचे गॅझेटियर १८८५मध्ये निघाले, अठरावा खंड, तीन भागांत. त्यात निरनिराळ्या जातींच्या घरांतली भांडीकुंडी, कपडे, लग्नाचा खर्च इथपर्यंत तपशील आहे. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' आहे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, रमाबाई रानड्यांच्या आठवणी आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे आणि तिथे देशी वर्तमानपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल आहेत. ज्या मराठी पत्रांचे अंक आज कुठेच मिळत नाहीत, त्यांतल्या मजकुराचा सारांश तरी या अहवालांत सापडू शकतो.

पण साक्षीदार बोलावला म्हणजे त्याची उलटतपासणीही आली. विद्यार्थ्यांना हे शिकवले जात नाही. वर्तमानपत्रांवरचा सरकारी अहवाल सरकारी अनुवादकाने सरकारसाठी केलेला आहे. सरकारला ज्याची धास्ती वा उत्सुकता होती, ते त्यात आले. बायकांच्या पानावरची पाककृती त्यात येणार नाही आणि आपल्या विद्यार्थिनीला कदाचित तीच हवी असेल. गॅझेटियरमधली जातींची वर्णने अधिकाऱ्यांनी गोळा केलेली आहेत. अमुक जात आळशी, तमुक जात काटकसरी अशी वाक्ये त्यात आहेत आणि आजच्या प्रबंधांत ती अवतरणचिन्हांशिवाय उतरलेली मी पाहिली आहेत. एका समाजाबद्दलचा दीडशे वर्षांपूर्वीचा पूर्वग्रह आपल्या विद्यापीठाचा शिक्का घेऊन पुन्हा बाहेर पडतो. हे आपण कसे चालू देता? आठवणी तर घडल्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या असतात. पार्वतीबाईंचे पुस्तक १९२८चे आहे. तोवर त्यांचे आयुष्य पार बदललेले होते. हे सगळे साक्षीदार वापरावेत, पण प्रत्येकाजवळ थांबून तो कोण, केव्हा बोलतो आहे आणि कोणासाठी, हे विचारावे.

तारखांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण खरे तर हे लिहायची वेळच येऊ नये. कादंबरीचे साल म्हणून हाती असलेल्या पुनर्मुद्रणाचे साल दिले जाते. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची करून ठेवली आहे, नियतकालिकांचीही सूची आहे. दोन्ही आमच्या टेबलामागच्या कपाटात आहेत आणि दिवसचे दिवस त्यांना कोणी हात लावत नाही. साल चुकले की त्यावर रचलेले सगळे कोसळते. नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२चा आणि 'माझे विद्यापीठ' १९६६चे. गिरणी कामगारांचा मोठा संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला. तरीही त्या कवितांची सामाजिक पार्श्वभूमी म्हणून या संपावर पाने खर्च झालेली आहेत. संपाचे वर्णन हळहळून केलेले असते, ते खोटे नसते, पण त्या कविता लिहिल्या गेल्या तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि कामगाराला उद्याची आशा होती. ती आशा या कवितांतून वेगळी काढून दाखवायची, तर १९८२ विसरावे लागते. त्या संपाने काय उद्ध्वस्त केले ते पाहायचे असेल, तर जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाकडे जायला हवे.

तसेच अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'चे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा उल्लेख प्रत्येक प्रबंधात असतो. मूळ कायदा वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब यांसाठी होता आणि १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली, हे मात्र नसते. वारणेच्या खोऱ्यात कोणता नियम केव्हापासून लागू होता आणि गावची हजेरी कोणाकडे द्यावी लागे, हे शोधले तर अण्णा भाऊ कुठे इतिहास सांगतात आणि कुठे त्याला गाण्याच्या उंचीवर नेतात, ते नेमके दाखवता येईल.

काळाइतकीच जागाही हरवते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर काम करणारी एक मुलगी आमच्याकडे आली होती. माणदेशातलीच, आटपाडीकडची. तिला 'स्वातंत्र्यपूर्व ग्रामीण जीवन' या विषयावर पुस्तक हवे होते. मी तिला विचारले, कादंबरीतला मास्तर कोणाच्या शाळेत नोकरी करतो? ती म्हणाली, सरकारी. कोणत्या सरकारच्या? ती गोंधळली. बनगरवाडी ब्रिटिश मुलखात नाही, ती औंध संस्थानात आहे. वाडीत तालीम बांधली जाते आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात, ही घटना 'ग्रामीण जीवन' या दोन शब्दी मथळ्याखाली कधीच कळणार नाही. एवढ्याशा धनगरवाडीत राजा कसा येतो? आणि देऊळ, चावडी सोडून तालीमच का?

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, शाळाशाळांतून नमस्कार घालायला लावले. पंडित सातवळेकर औंधातच राहत होते. १९३९मध्ये या संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावपंचायतींकडे सोपवणारी घटना स्वीकारली. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता त्या कामात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली आणि पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. किर्लोस्करवाडी याच संस्थानात होती, म्हणजे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके याच छोट्या राज्यातून साऱ्या महाराष्ट्रात जात होती. असा हा मुलूख होता. दुष्काळी, गरीब आणि तरीही एका राजाच्या विलक्षण प्रयोगाखाली वावरणारा. मास्तरच्या मनातली सुधारणेची ऊर्मी, वाडीची तिच्याकडे पाहण्याची सावध नजर, कारभाऱ्याचे वजन, हे सगळे या मातीत ठेवून वाचले की कादंबरी खोल होत जाते. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा केवळ एक वाडी उठत नाही, एक प्रयोगही पावसापुढे हतबल होतो.

यात आणखी एक पदर आहे. 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली १९५५मध्ये आणि औंध संस्थान विलीन झाले १९४८मध्ये. म्हणजे लिहिणारा माणूस नाहीशा झालेल्या राज्याकडे मागे वळून पाहत होता. गोष्टीचा काळ एक, लिहिण्याचा काळ दुसरा आणि मधल्या वर्षांत गांधीहत्येनंतरची जाळपोळ होऊन गेलेली. त्या जाळपोळीवर व्यंकटेश माडगूळकरांनी पुढे 'वावटळ' लिहिली. 'बनगरवाडी'च्या सुरात जो संयम आहे त्याचा या मधल्या वर्षांशी काही संबंध आहे का? मला उत्तर देता येणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण हा प्रश्न एखाद्या प्रबंधाला पुरेल एवढा आहे आणि तो विचारायला आपण विद्यार्थ्याला शिकवावे, हे मी अधिकाराने म्हणते. दर आराखड्यात गोष्टीचा काळ आणि लेखनाचा काळ अशा दोन नोंदी वेगवेगळ्या मागाव्यात. एवढ्यानेही पुष्कळ गोंधळ मिटेल.

त्या मुलीच्या घरी संस्थानच्या शाळेत शिकलेली म्हातारी माणसे होती. तिने त्यांना कधी काही विचारले नव्हते, कारण ते 'संदर्भ' ठरतील, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. विजय तेंडुलकरांनी 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना लिहिण्याआधी नामदेव ढसाळांबरोबर गोलपिठ्याचा भाग पाहिला, न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांना विचारून घेतले. एवढ्या मोठ्या नाटककाराला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या विद्यार्थ्यांना का जड जावे? ज्या पिढीला विचारता येईल ती फार थोडी उरली आहे. गिरणगावातली, माणदेशातली, मराठवाड्यात निजामी राजवट पाहिलेली. आज नाव आणि तारीख घालून नोंदवलेली मुलाखत उद्या मूळ साधन होईल.

आपल्यातले काही जण म्हणतील की आम्ही साहित्याचे लोक, आम्हाला कलाकृतीशी काम. इतिहास आणि समाजशास्त्र त्यांच्या त्यांच्या विभागांत राहो. मर्ढेकरांपासून ही भूमिका आपल्याकडे ठामपणे मांडली गेली आहे आणि मी तिचा आदर करते. कविता म्हणजे कोणत्याही आंदोलनाचे परिशिष्ट नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. ज्यांची ही भूमिका आहे त्यांनी तिला जागून परिस्थितीचे प्रकरण आराखड्यातून सरळ वगळावे आणि विद्यार्थ्याला शब्द, लय, रचना यांत बुडू द्यावे. त्यातून चांगला प्रबंध होईल. पण मनात एक आणि आराखड्यात दुसरे, केवळ समितीला चालते म्हणून, असे करू नये. शिवाय काही कृती अशा आहेत की बाहेरचे माहीत नसेल तर त्यांचा सूरही कानी पडत नाही. ताराबाई शिंद्यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा १८८२चा निबंध सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर आणि 'पुणेवैभव'मधल्या लेखाने चिडून लिहिलेला आहे. समोर कोण उभे आहे हे कळल्याविना त्यातला संताप नुसता आरडाओरडा वाटतो. हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये पुन्हा छापला, तोवर तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. असे आणखी किती कपाटांत आहे, कोणास ठाऊक.

आता जे विद्यार्थी आपल्याला सहसा सांगत नाहीत ते सांगते. त्यातले पुष्कळ जण तासिका तत्त्वावर शिकवतात. तासांचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योतीची अधिछात्रवृत्ती मिळाली तर ठीक, तीही वेळेवर येईल याची खात्री नाही. नांदेडहून वा चंद्रपूरहून पुण्या-मुंबईला येऊन राहणे त्यांना परवडत नाही. दोन दिवसांसाठी येतात, पहिला दिवस पत्र नाही, ओळखपत्र नाही यात जातो, दुसऱ्या दिवशी नेमका हवा तो खंड बांधणीला गेलेला असतो. मग परतीच्या गाडीआधी कोणाच्या तरी प्रबंधातून पाने उतरवून घेतात. शोधगंगेवर जुने प्रबंध आहेत. चांगली सोय आहे, पण तिथूनही तीच पाने पुन्हा फिरतात. २०१८च्या यूजीसी नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंतच खपवून घेतले जाते. मात्र स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मराठी मजकुरापुढे तपासणीची यंत्रणा बरेचदा आंधळी असते, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. उतरवणे चूकच आहे. परंतु ज्याच्याकडून आपण निरर्थक प्रकरण मागतो, तो ते कुठून तरी उचलणार, यात माझ्या मते मागणाऱ्याचा वाटा मोठा आहे.

म्हणून काही अगदी व्यवहारातल्या विनंत्या करते. विद्यार्थी निघण्याआधी त्याच्याकडून प्रश्नांची चिठ्ठी लिहून घ्यावी. त्यात कृतीतले पान आणि अडलेली जागा असावी. ग्रंथालयाला आधी पत्र पाठवावे, म्हणजे आम्ही खंड काढून ठेवतो. पीएच.डी.च्या पूर्वअभ्यासक्रमात एक आठवडा तरी वर्गाबाहेर, एखाद्या दफ्तरखान्यात किंवा जुन्या ग्रंथालयात घ्यावा. विद्यार्थ्यांबरोबर आपणही यावे. मार्गदर्शक स्वतः बांधीव अंक उलटताना दिसले की शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला जे कळते, ते कोणत्याही व्याख्यानाने कळत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. असे मार्गदर्शक आपल्यात आहेत. त्यांचे विद्यार्थी चटकन ओळखू येतात, कारण ते पुस्तक मागण्याआधी अंक मागतात. एकोणिसाव्या शतकातल्या हस्तलिखित कागदांना हात घालायचा असेल, तर मोडी शिकायला पाठवावे. पुराभिलेखागाराचे वर्ग असतात, मोडी काही महिन्यांत वाचता येऊ लागते.

मौखिक परीक्षेतही एक प्रश्न ठेवावा. तुम्ही बाहेरून आणलेल्या कोणत्या एका गोष्टीमुळे या कृतीचे तुमचे वाचन बदलले? ज्याला सांगता येईल, त्याचे संशोधन झाले.

शेवटची विनंती ग्रंथालयाच्या वतीने. जुने अंक आता हाताळायलाही नाजूक झाले आहेत. पान उलटताना कडा तुटते आणि तुटलेली ओळ पुन्हा मिळत नाही. पाच विद्यार्थी एकाच वर्षाचा 'सुधारक' वेगवेगळ्या वेळी उलटतात, पाचही जण स्वतःपुरत्या नोंदी काढतात आणि त्या नोंदी वह्यांत राहतात. प्रत्येक संशोधकाने चाळलेल्या अंकांची विषयवार सूची, तारीख आणि पृष्ठांकासह, करून तिची एक प्रत ग्रंथालयाला द्यावी, अशी अट आपण आपल्या विभागात घालू शकता. त्यासाठी ना शासननिर्णय लागतो ना अनुदान. ती सूची कशी करायची याचा नमुना आमच्या विभागात तयार आहे. आपण कळवाल त्या पत्त्यावर मी तो पाठवीन आणि आपल्या नव्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांना तो समजावून द्यायला कोणत्याही दिवशी येईन.

आपली नम्र,
संदर्भ विभागातील एक ग्रंथपाल